लोहाओळीतलं मेटल: 'दशावतार' ऐकताना

(ही ऑडिओ भागाची लिखित प्रत आहे. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' आणि मागून येणारे हॉर्न काढलेत. बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय.)

आज हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज थोडा कमी करा, कारण विषय मोठ्या आवाजाचा आहे.

मी इतवारीत राहतो. लोहाओळीच्या मागच्या गल्लीत. नागपूरच्या लोकांना लोहाओळी सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: एक अख्खी गल्ली, जिथे सळाख, पत्रा, अँगल, कब्जे, खिळे, साखळ्या असं सगळं मिळतं. सकाळी दहाला शटर उघडतात, आणि मग हातगाडीवर लोखंड पडण्याचा जो आवाज सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्यामुळे अकरावीत असताना मी घरी पहिल्यांदा सांगितलं की मला मेटल आवडतं, तेव्हा माझे मोठे बाबा म्हणाले, "मग दुकानात येऊन बस नं."

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. आमचं दुकान तेच चालवायचे. आजच्या भागात ते पुन्हा येणार आहेत, म्हणून ओळख करून ठेवली.

तर आजचा विषय: एक अल्बम. नाव 'दशावतार'. बँडचं नाव डेमॉनिक रेझरेक्शन. मुंबईचा बँड, २००० साली सुरू झालेला. अल्बम २०१७ चा. आणि प्रश्न असा आहे की ज्या गाण्यात माणूस सरळ गातच नाही, घशातून गुरगुरतो, शब्द धड कळत नाहीत, ते ऐकून एखाद्याला रडू का येतं? हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारलेला नाही. मीच मला विचारलाय. आणि उत्तर शोधायला चार वर्षं लागली.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सहन करा.

डेथ मेटल हा प्रकार ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत, मुख्यतः फ्लोरिडात आकाराला आला. खाली ट्यून केलेल्या गिटारी, डबल बेसचे ड्रम, आणि घोगरा, खोल आवाज. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातल्या काही पोरांनी त्यात एक गंमत केली. त्यांनी आवाज तसाच ठेवला, वेग तसाच ठेवला, पण गिटारला गायला लावलं. दोन गिटारी एकमेकींच्या सोबतीने, थोड्या अंतराने, एकच चाल वाजवतात. ही पद्धत आयर्न मेडनसारख्या जुन्या बँडकडून आलेली. फरक इतकाच की इथे त्या चालीच्या खाली एक माणूस ओरडत असतो. ॲट द गेट्स, डार्क ट्रँक्विलिटी, इन फ्लेम्स ही त्यातली तीन मोठी नावं. १९९५ सालचा 'स्लॉटर ऑफ द सोल' आणि 'द गॅलरी', १९९६ चा 'द जेस्टर रेस' हे त्यातले पायाचे अल्बम. याला नाव पडलं मेलोडिक डेथ मेटल.

नाव ऐकायला विचित्र आहे, मान्य. 'मधुर मृत्यू लोखंड'. मोठ्या बाबांना मी असंच भाषांतर करून सांगितलं होतं. ते म्हणाले, "गंज लागला का तुझ्या डोक्याले?"

पण या प्रकाराची खरी गोष्ट त्या नावातच आहे. एकाच वेळी दोन थर चालू असतात. खालच्या थरात राग आहे. वरच्या थरात चाल आहे, आणि ती चाल बहुतेक वेळा दुःखाची असते. गायक जे बोलू शकत नाही ते गिटार बोलते. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता डेमॉनिक रेझरेक्शन. हा बँड उभा केला साहिल मखिजा याने. स्टेजवरचं नाव डेमनस्टीलर. गिटार तोच वाजवतो, गुरगुरतो तोच, आणि स्वच्छ आवाजात गातोही तोच. तुमच्यापैकी काहींनी त्याला वेगळ्याच ठिकाणी पाहिलं असेल. यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावाचं कीटो स्वयंपाकाचं चॅनल आहे, तेही याचंच. एकीकडे पनीर, एकीकडे प्रलय. २०१० साली त्यांचा 'द रिटर्न टू डार्कनेस' आला. त्याच वर्षी ब्रिटनच्या मेटल हॅमर मासिकाचा एक पुरस्कारही बँडला मिळाला. भारतातल्या मेटल बँडसाठी तेव्हा ही फार मोठी गोष्ट होती. कारण इथे या संगीताला ना सिनेमा विचारतो, ना टीव्ही. पोरं नोकरी करून, पदरचे पैसे घालून अल्बम काढतात.

या बँडला काही जण सिम्फनिक डेथ मेटल म्हणतात, काही जण मेलोडिक डेथ आणि ब्लॅक मेटलचं मिश्रण म्हणतात. डब्यावरच्या लेबलसाठी भांडण नको. डब्यात काय आहे ते बघू.

'दशावतार'मध्ये दहा गाणी आहेत आणि प्रत्येक गाणं एका अवताराचं. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. गाणी इंग्रजीत. मेटलच्या नेहमीच्या वाद्यांबरोबर सतार, तबला, बासरी अशी आपली वाद्यंही येतात. काहींना वाटेल की परदेशी लोकांना दाखवायला हा मसाला टाकलाय. मलाही २०१७ मध्ये तसंच वाटलं होतं.

२०१७ मध्ये मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अल्बम आला तेव्हा हॉस्टेलच्या मित्रांच्या खोलीवर आम्ही तो एका बारक्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकला. खरं सांगतो, आम्ही ऐकला कमी आणि मोजला जास्त. ड्रमचा वेग किती, गिटारचा सोलो कितव्या मिनिटाला, कोण जास्त खोल गुरगुरतो. इंजिनिअरिंगच्या पोरांना कोणतीही गोष्ट दिली की ते तिचं बेंचमार्किंग करतात. आम्हीही केलं. "भारी आहे बे" म्हणालो आणि पुढच्या अल्बमकडे गेलो.

मग चार वर्षं तो माझ्या फोनमध्ये पडून होता.

आता एप्रिल २०२१. मी जास्त लांबवणार नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाकडे त्या महिन्याची स्वतःची एक गोष्ट असेल.

मोठ्या बाबांना ताप आला, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऑक्सिजन उतरायला लागला. घरात कॉम्प्युटरचं मला कळतं, म्हणून बेड शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी ते एखाद्या प्रोजेक्टसारखं केलं. शीट बनवली. हॉस्पिटलचं नाव, नंबर, किती वाजता फोन केला, काय उत्तर मिळालं. दर वीस मिनिटांनी पान रिफ्रेश. बेड दाखवायचं, फोन केला की नसायचा. एका ठिकाणी आहे म्हणाले, आम्ही गाडी काढली, पोहोचेपर्यंत गेला होता. शेवटी मिळाला, पण उशीर झाला होता. गंगाबाई घाटावर आमच्या घरातून दोघांनाच जाता आलं. दादा आणि माझे बाबा. मी घरी होतो, लॅपटॉप उघडा होता आणि ती शीट अजून चालूच होती.

मला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेरवीला नाही. घरी सगळ्यांना वाटलं, पोरगं खंबीर आहे. मला फक्त राग येत होता. हॉस्पिटलवर राग, त्या रिफ्रेशच्या बटणावर राग, फोन न उचलणाऱ्यांवर राग, गच्चीवर पतंग उडवणाऱ्या शेजारच्या पोरांवरसुद्धा राग. आणि या सगळ्यांच्या खाली, स्वतःवर. अर्धा तास आधी फोन केला असता तर? यादीत त्या हॉस्पिटलचं नाव आठव्या क्रमांकावर होतं, पहिल्यावर का नव्हतं? ऑफिसच्या कॉलवर मी एकदा एका ज्युनिअरला इतका बोललो की मॅनेजरने मला वेगळा फोन करून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "हो."

मे महिन्यातल्या एका रात्री गच्चीवर गेलो. नागपूरचा मे, म्हणजे रात्री अकरालाही गच्चीची फरशी गरम. लोहाओळी बंद. लॉकडाऊनमुळे इतकी शांत की माझ्या अख्ख्या आयुष्यात मी ती गल्ली तशी ऐकली नव्हती. लोखंडाचा आवाज नाही. मोठ्या बाबांचा आवाज नाही. त्यांचा आवाज कसा होता सांगू? चाळीस वर्षं त्या खणखणाटावरून ओरडून ओरडून घसा कायमचा बसलेला. गल्ल्यावरून हमालाला ओरडायचे, "चार सूत, बारा फूट, दहा नग!" तर ते गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. फोनवर नवा माणूस असला की त्याला वाटायचं, हे रागावलेत. ते रागावलेले नसायचे. त्यांचा आवाजच तसा होता.

मी हेडफोन लावले आणि काहीतरी मोठ्या आवाजाचं हवं होतं म्हणून 'दशावतार' लावला. ठरवून नाही. पहिली तीन गाणी गेली. चौथं नरसिंहाचं.

गाण्याचे शब्द मी इथे सांगणार नाही, ते तुम्ही स्वतः ऐका. कथा सगळ्यांना माहीत आहे. खांब फुटतो, नरसिंह बाहेर येतो, हिरण्यकशिपूला उंबरठ्यावर मारतो. लहानपणी आपण गोष्ट इथेच संपवतो. पण पुराणात ती इथे संपत नाही. शत्रू मेला तरी नरसिंहाचा राग उतरत नाही. देव घाबरतात. लक्ष्मीसुद्धा जवळ जायला धजत नाही. ज्या कामासाठी राग आला होता ते काम झालंय, पण राग तसाच उभा आहे, आणि आता त्याला जायला जागा नाही. शेवटी प्रल्हाद पुढे जातो. सगळ्यात लहान, सगळ्यात जास्त सोसलेला. तेव्हा कुठे तो शांत होतो.

त्या रात्री माझ्या कानात दोन थर चालू होते. खाली ती गुरगुर, वर गिटारची चाल. आणि मला पहिल्यांदा त्या गुरगुरण्यात राग ऐकू आला नाही. मला एक बसलेला घसा ऐकू आला. ओळखीचा वाटला. आणि वरची चाल... ती तर सरळ सरळ रडत होती. चार वर्षांपूर्वी मी तिचा वेग मोजला होता.

मग मी रडलो. चांगलं अर्धा-पाऊण तास. गाणं संपलं, वामन गेला, परशुराम गेला, मी आपला टाकीला टेकून बसलो होतो. तेवढ्यात दादाची पाच वर्षांची मुलगी वर आली. तुम्हाला वाटेल आता मी म्हणणार की हीच माझी प्रल्हाद. नाही. ती कार्टून बघायला मोबाईल मागायला आली होती. तिने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "काका, तुला घाम आला का?" मी हो म्हटलं आणि मोबाईल देऊन टाकला.

ही झाली माझी गोष्ट. पण पॉडकास्टमध्ये नुसती गोष्ट सांगून चालत नाही, थोडा विचारही करायला पाहिजे. म्हणून नंतर मी वाचत गेलो, की हे नेमकं होतं कसं?

एक उत्तर आपल्याकडेच, फार जुनं आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रसांची चर्चा आहे. त्यात चार रस मूळ धरले आहेत आणि बाकीचे चार त्यांच्यातून निघतात. त्यातला करुण रस कशातून निघतो? शृंगारातून नाही. रौद्रातून. म्हणजे करुणेचं मूळ रागात आहे. मी हे वाचलं तेव्हा चकित झालो, कारण मेलोडिक डेथ मेटलची यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्याही मेटल मासिकात सापडलेली नाही. रौद्र आधी येतो, करुण त्याच्या पोटातून येतो. तुम्ही रागाला वगळून थेट दुःखाकडे गेलात तर कधीकधी रस्ताच सापडत नाही. मला मे महिन्यात घरच्यांनी भावगीतं ऐकवली, भजनं ऐकवली, सगळी सुंदर. पण ती सुरुवातच शांततेतून करतात. मी शांततेत नव्हतोच, तर तिथून सुरुवात कशी करणार?

दुसरं उत्तर संशोधनाचं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात लिआ शर्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल या दोघींनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८ ते ३४ वयाचे, असं तीव्र संगीत नेहमी ऐकणारे ३९ जण घेतले. आधी त्यांना आयुष्यातल्या राग आणणाऱ्या गोष्टींबद्दल बोलायला लावलं, म्हणजे मुद्दाम राग चढवला. मग काहींना दहा मिनिटं आपल्या आवडीचं संगीत ऐकायला दिलं, बाकीच्यांना नुसतं शांत बसवलं. अपेक्षा अशी होती की मेटल ऐकणारे आणखी भडकतील. ते भडकले नाहीत. त्यांची चिडचिड उतरली. शांत बसलेल्यांचे हृदयाचे ठोके कमी झाले, ऐकणाऱ्यांचे तसेच टिकून राहिले, पण त्यांना उलट उत्साह वाटला. म्हणजे संगीताने त्यांच्या रागाला धमकावून खाली बसवलं नाही. त्याच्या शेजारी बसलं.

आता हेही सांगतो की ३९ माणसं म्हणजे काही फार नाहीत. आणि ते सगळे आधीपासून या संगीताचे शौकीन होते. तुमच्या आजीला पहिल्यांदा डेथ मेटल ऐकवलं तर तिचीही चिडचिड उतरेल असं यातून सिद्ध होत नाही. कृपया प्रयोग करू नका. म्हणजे, मी केला. त्याबद्दल शेवटी सांगतो.

तिसरी गोष्ट त्या आवाजाची. लोक म्हणतात, "यात काय आहे, नुसतं ओरडायचं." नाही हो. चांगला ग्राउल करणारा घसा फाडत नाही. आपल्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन पट्ट्या असतात, ज्या आपण बोलताना सहसा वापरत नाही. त्या कंपित करून, श्वास पोटातून लावून तो खरखरीत आवाज काढतात. त्यासाठी रियाझ लागतो. न शिकता केलं तर दोन दिवसांत आवाज बसतो. मी कॉलेजमध्ये करून बघितलंय. तर जो आवाज आपल्याला ताबा सुटलेला वाटतो तो प्रत्यक्षात पूर्ण ताब्यात असतो. मला वाटतं ऐकणाऱ्याला हे कुठेतरी आत कळतं. समोरचा माणूस कोसळल्यासारखा ओरडतोय, पण तो तालातून एक मात्रासुद्धा सुटलेला नाही. म्हणजे इतकं ओरडूनही माणूस एकसंध राहू शकतो. त्या वेळी मला हीच खात्री हवी होती.

आता एक अवघड मुद्दा. तो टाळून पुढे गेलो तर हा भाग नागपूरमधून केला असं म्हणायला मला लाज वाटेल.

अल्बमचं नववं गाणं बुद्धावर आहे. माझा एक जवळचा मित्र आहे, उत्तर नागपूरचा, बौद्ध कुटुंबातला. मला मेटल लावणारा तोच. २०१७ मध्ये स्पीकर त्याचाच होता. त्याने आठ गाणी ऐकली आणि नववं सुरू झाल्यावर फोन उचलून पुढचं लावलं. मी म्हटलं, "काय झालं बे?" तो म्हणाला, "काही नाही." मीही सोडून दिलं.

नंतर कितीतरी वर्षांनी आम्ही त्यावर बोललो. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात, दीक्षाभूमीवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली पाचवी प्रतिज्ञाच अशी आहे की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही. तो म्हणाला, "तुझ्यासाठी ते दहापैकी एक गाणं आहे. माझ्या आजोबांनी ती प्रतिज्ञा उभं राहून घेतली होती."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. बँडने पुराणातली प्रचलित यादी घेतली, त्यामागे कोणाला दुखवायचा हेतू मला तरी दिसत नाही. आपल्याकडेही ही यादी सगळीकडे सारखी नाही. महाराष्ट्रातल्या काही जुन्या चित्रांत नवव्या जागी विठ्ठल उभा असतो. पण 'प्रचलित' हा शब्द कोणाच्या घरात प्रचलित, हे आपण विचारतच नाही. एकच गाणं एकाला मोकळं करतं आणि दुसऱ्याला बाहेर काढतं, हे होऊ शकतं. गाणं वाईट असावंच लागतं असं नाही.

तो आजही तो अल्बम ऐकतो. नववं सोडून. मी ऐकतो तेव्हा नववं लागलं की मला संगीताआधी तो आठवतो, फोन उचलणारा. अल्बमच्या भावनिक परिणामाबद्दल बोलायचं तर हाही परिणामच आहे, आणि तो मी लपवणार नाही.

चला, आता शेवटाकडे.

तुम्ही इतवारी-महालातले असाल तर मारबत तुमच्या रक्तात आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची असं सांगतात. बांबू-कागदाच्या प्रचंड मोठ्या पुतळ्या. त्यांच्यासोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा राग आलाय त्याचे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, कधी एखाद्या नेत्याचा. दोन्ही मारबती इतवारीत एकमेकींसमोर येतात तेव्हा जी गर्दी आणि जो आरडाओरडा होतो तो शब्दांत सांगता येत नाही. आणि सगळे एकच ओरडत असतात: रोगराई, इडापिडा, सगळं घेऊन जा गे मारबत! शेवटी त्या शहराबाहेर नेऊन जाळतात.

कोरोनाच्या काळात ही मिरवणूक नेहमीसारखी निघाली नाही. ज्या वर्षी रोगराईला ओरडून बाहेर काढायची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच वर्षी ओरडायला मनाई. मोठ्या आईला त्याचं फार लागलं होतं. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको. ती म्हणायची, "यंदा काहीच बाहेर नाही गेलं. सारं घरातच राहिलं."

मिरवणूक पुन्हा सुरू झाली त्या वर्षी मी तिला घेऊन कोपऱ्यावर उभा होतो. काळी मारबत समोरून गेली तेव्हा मोठी आई ओरडली. चारचौघांत कधी मोठ्याने न बोललेली बाई. शब्द नीट कळले नाहीत. घसा बसेपर्यंत ओरडली, मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चाल, चहा ठेवते."

त्याच संध्याकाळी मी तो प्रयोग केला, ज्याबद्दल तुम्हाला 'करू नका' म्हटलं. ती दिवाणखान्यात वाल सोलत बसली होती. म्हटलं, "मोठी आई, मी काय ऐकत असतो ते ऐकतेस का?" एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. नरसिंह लावलं. तिने साधारण दीड मिनिट ऐकलं. चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणाली,

"काहून ओरडून राहिला हा एवढा?"

मी म्हटलं, "त्याला राग आलाय."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग इअरफोन काढून माझ्या हातात दिला.

"राग नाही हा. याले कोणीतरी पाणी द्या."

आणि पुन्हा वाल सोलायला लागली. तिला गाणं आवडलं का? अजिबात नाही. पुन्हा कधी मागितलं का? नाही. पण मला जे समजायला चार वर्षं, एक नाट्यशास्त्र आणि एक ऑस्ट्रेलियन प्रयोग लागला, ते तिला दीड मिनिटात समजलं. दुकानातून घसा बसवून घरी येणाऱ्या माणसाला तिने चाळीस वर्षं आल्याबरोबर आधी पाणी दिलं होतं. ओरडण्याच्या मागे काय असतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणारच.

ती बेडची शीट अजून माझ्या ड्राइव्हवर आहे. मी ती डिलीट केलेली नाही. पण आता उघडली की आठव्या क्रमांकावर नजर अडकत नाही. परवा पहिल्यांदा मी ती दादाला दाखवली. त्याला माहीतच नव्हतं की मी एवढे फोन केले होते. तो बराच वेळ वाचत राहिला, मग म्हणाला, "चौऱ्याहत्तर फोन बे?" आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. आमच्या घरात ही मिठीच समजतात.

तर मंडळी, ऐकायचं असेल तर कसं ऐका ते सांगतो. फोनच्या स्पीकरवर नको, त्यात गिटारची चाल हरवते आणि फक्त ओरडणं उरतं. हेडफोन लावा. पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागू नका. पहिल्या वेळी फक्त गिटार ऐका, गायक शेजारच्या खोलीत भांडतोय असं समजा. दुसऱ्या वेळी आवाज ऐका. तिसऱ्या वेळी शब्द वाचत ऐका. आणि आवाज मर्यादेत ठेवा, कान एकदाच मिळतात. आवडलं तर स्वीडनवाले आहेतच, 'स्लॉटर ऑफ द सोल'पासून सुरुवात करा. नाही आवडलं तरी काही बिघडत नाही. रडायला प्रत्येकाची वेगळी गच्ची असते.

आणि तुमच्या घरात कोणी हल्ली जास्त ओरडत असेल, चिडत असेल, तर भांडायच्या आधी मोठ्या आईचं ऐका. एक ग्लास पाणी देऊन बघा.

तुम्ही कोणत्या गाण्यावर असे अचानक कोसळलात ते व्हॉइस नोट पाठवून सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. शटर उघडायची वेळ झाली, खाली लोखंड पडायला लागेल, त्याच्या आत रेकॉर्डिंग बंद करतो. भेटू.